टाळू, टोपडे आणि फीत

ज्या काळी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी मचव्यात बसून भरतीच्या पाण्याबरोबर पनवेलच्या बंदरास लागत असे आणि तेथून गाडी करून बोरघाटाची वाट धरीत असे, त्या काळी या गावाचे नाव भात आणि मीठ यांच्या व्यापाराइतकेच बैलगाडीच्या चाकांकरिता दूरवर पोहोचलेले होते. सुताराने तुंबा कोरावा, त्यात एकेक आरा नेमक्या कोनात ठोकून बसवावा, आणि मग तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून तिजवर पाणी ओतावे, म्हणजे थंड होताना ती आकसून साऱ्या लाकडास एकजीव करीत असे. या कामी सारे कौशल्य घेराच्या मापात होते. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी हवा, आणि तो किंचितपणा कितीसा असावा, हे कारागिराच्या नजरेस व हातास ठाऊक असावे लागे. परंतु चाकाचा घेर एकदा ठरला की तो कायमचा ठरला. त्याच आळीतील घराघरांतून, पाळण्यात निजलेल्या तान्ह्या मुलांच्या मस्तकाचा घेर मात्र दिवसादिवसाने वाढत होता, आणि तो मोजण्यास कोणापाशी फीत नव्हती व लिहून ठेवण्यास कागदही नव्हता.

लिहून ठेवण्याची सवय या गावास नव्हती असे म्हणावे, तर तेही खरे नव्हे. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावोगावी नगरपालिका स्थापण्याची वाट मोकळी झाली आणि अवघ्या दोन वर्षांत, १८५२ साली, तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या पनवेल गावी नगरपालिका उभी राहिली. महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते. जमिनीची मोजणी झाली, तिचा आकार ठरला, फेरफाराच्या नोंदी कचेरीच्या दप्तरात जमा झाल्या; मिठाचे माप, मालाची जकात, पुढे जन्ममृत्यूची नोंद, देवी टोचल्याचा दाखला, अशा एकेका बाबीचा तपशील सरकारी फडताळांत साचत गेला. मूल जन्मले याची नोंद झाली, दुर्दैवाने ते गेले तर तीही झाली. परंतु त्या दोन नोंदींच्या मध्ये ते कसे वाढत होते, आणि विशेषेकरून त्याचे मस्तक कोणत्या गतीने वाढत होते, यास कोणत्याही रकान्यात जागा नव्हती. त्या एका रिकाम्या रकान्याची हकीगत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे; कारण अनेक बालकांची दृष्टी, बुद्धी आणि आयुष्य त्या रकान्यावर अवलंबून असते, अशी माझी खात्री आहे.

रकाना रिकामा होता, तथापि लक्ष नव्हते असे नाही. कोकणातील घरांत तान्ह्या बाळाच्या मस्तकाकडे जितक्या काळजीने पाहिले जाई, तितके शरीराच्या अन्य कोणत्याही भागाकडे क्वचितच पाहिले जात असेल. प्रसूतीच्या वाटेने येताना लांबट झालेले डोके सुईण तेलाच्या हाताने हळूहळू चोळी. पुढे मस्तकास गोलाई यावी म्हणून त्याखाली राईची मऊ उशी दिली जाई. आणि रोज न्हाऊ घालण्यापूर्वी आजी तेलाचे बोट टाळूवर ठेवून ती भरीत असे. ‘टाळू भरणे’ या शब्दप्रयोगास आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही एकमेकांस धरून आहेत: टाळूवर तेल जिरवणे हा एक, आणि मस्तकाच्या अस्थींमधील ती मऊ फट कालांतराने हाडाने मिटून येणे हा दुसरा. ज्या बोटाने तेल भरले, त्याच बोटाला टाळू उडते आहे की नाही, ती खोल गेली आहे की फुगली आहे, हे नकळत समजत असे. जुलाब-वांत्यांनी पाणी सुकलेल्या मुलाची टाळू खोल जाते, हे ज्ञान आजीला कोणत्याही ग्रंथातून मिळाले नव्हते.

टोपड्याची गोष्टही अशीच. बाळंतविड्यात आलेले अंगडे-टोपडे आणि कुंची घरातील एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात असे. आणि थोरल्याला जे टोपडे पाच महिने पुरले, ते धाकट्याला तिसऱ्याच महिन्यात कपाळावर काचू लागले, तर ते आईच्या ध्यानात आल्यावाचून राहत नसे. वाढत्या मस्तकाचे माप घेणारे घरातील एकमेव साधन ते होते. प्रौढांच्या मस्तकाचे माप पगडबंदास घ्यावे लागे, कारण पगडी साच्यावर बांधली जाई. परंतु पगडीचे डोके, चाकाप्रमाणेच, वाढून स्थिरावलेले असे. वाढते डोके एकट्या टोपड्यास ठाऊक होते, आणि टोपडे मुके होते. त्याने काचावे, आईने ते फेडून दुसरे शिवावे, आणि त्यासरशी ती साक्ष विरून जावी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला.

शास्त्राची दृष्टी या घरगुती दृष्टीहून फार दूर नव्हती. पनवेलास आयुर्वेदाची परंपरा मोठी आहे. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे ‘धूतपापेश्वर’ या नावाने औषधनिर्मितीचा उद्योग आरंभिला, राजापूरनजीकच्या देवस्थानाचे ते नाव, आणि पनवेलचे नाव त्यामुळे औषधांच्या बाटल्यांवरून घरोघरी पोहोचले. ज्या संहितांच्या आधारावर ही परंपरा उभी आहे, त्यांपैकी चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात शिशूच्या टाळूवर स्नेहात भिजविलेला कापसाचा पिचू ठेवण्यास सांगितले आहे. आजीच्या तेलाच्या बोटाची वंशावळ इतकी जुनी आहे. त्याच अध्यायात दीर्घायुषी बालकाची लक्षणे सांगताना मस्तक छत्रासारखे, प्रमाणाहून किंचित अधिक, परंतु शरीरास अनुरूप असावे, असा आशय आला आहे. या वर्णनातील ‘किंचित’ आणि ‘अनुरूप’ या दोन अटींवर विचार करावा, असे मला वाटते. थोडे मोठे मस्तक हा दोष नव्हे, किंबहुना ते शुभलक्षण आहे. मात्र ते उर्वरित देहाशी सुसंगत हवे. त्याच संहितेच्या विमानस्थानात शरीराची प्रमाणे देताना मस्तकाचा घेर बत्तीस अंगुळे सांगितला आहे, आणि ही अंगुळे ज्याची त्याने स्वतःच्या बोटाने मोजावयाची आहेत. म्हणजे परक्याच्या मापाने मोजू नये, ज्याचे माप त्याच्याच देहाशी ताडून पाहावे, हा विचार तेथे मुळातच आहे.

विकृतींची दखलही त्या ग्रंथांनी घेतली आहे. याच परंपरेतील वाग्भटाने मस्तकावर उठणाऱ्या, त्वचेच्याच रंगाच्या आणि वेदनारहित अशा एका सुजेचे वर्णन ‘उपशीर्षक’ या नावाने केले असून ती गर्भस्थ बालकासही होऊ शकते, असे म्हटले आहे. आणि टाळू खोल जाण्याच्या विकारास ‘तालुकंटक’ असे नाव दिले आहे. बालरोगांस वाहिलेली काश्यपसंहिता नेपाळात हेमराज शर्मा यांच्या संग्रही खंडित स्वरूपात सापडली, आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात ती मुद्रित झाली. मात्र या साऱ्या वाङ्मयात एका बालकाच्या मस्तकाचे आज एक माप आणि महिन्याने दुसरे माप घेऊन त्या दोहोंचा ताळा पाहावा, अशी रीत रूढ झाली नाही. ग्रंथाने लक्षण दिले, आजीने लक्ष दिले. काळाच्या ओघात दोन क्षण एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची युक्ती तेवढी उरली होती.

ही युक्ती जगातही सावकाशच आली. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीस कोर्दोबा येथे होऊन गेलेल्या अल्-झहरावी या शल्यवैद्याने, डोक्यात पाणी साठून मस्तक वाढत जाणाऱ्या बालकांविषयी लिहून ठेवले. सोळाव्या शतकात शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसाने एका दोन वर्षांच्या मुलीच्या मेंदूच्या पोकळ्यांत साठलेले पुष्कळसे पाणी शवविच्छेदनाने प्रत्यक्ष पाहिले. ज्यास आज जलशीर्ष म्हणतात, तो हा विकार. मेंदूच्या आतील पोकळ्यांत एक निर्मळ द्रव सतत स्रवत असतो आणि सतत शोषला जात असतो. त्याची वाट कोठे अडली, तर द्रव साठतो, दाब वाढतो, आणि टाळू व अस्थींचे सांधे अद्याप मिटलेले नसल्यामुळे मस्तकच फुगू लागते. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून ‘डोक्यात पाणी झाले’ असे म्हणत, आणि ते शब्दशः खरे होते. दुर्दैव हे, की त्या पाण्याचा दोष ग्रहण न पाळलेल्या आईच्या माथी मारला जाई. त्या मातांनी मुकाट्याने जे सोसले, त्याची नोंदही कोणत्याच दप्तरात नाही.

मस्तक मोजण्याच्या इतिहासात एक काळोखे प्रकरणही आहे, आणि ते वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील विद्वानांनी कवट्या मोजल्या त्या बहुधा बालकांच्या आरोग्याकरिता नव्हेत, तर कोणता वंश श्रेष्ठ आणि कोणता हीन, हे ठरविण्याकरिता. मस्तक मोठे म्हणजे बुद्धी मोठी, असा समज त्यातूनच बळावला. या वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराला छेद देणारे एक काम महाराष्ट्राच्या कन्येने केले, हे आपण अभिमानाने सांगावे. इरावती कर्वे बर्लिन येथे डॉक्टरेटच्या अभ्यासाकरिता गेल्या असता त्यांनी १४९ कवट्यांची मापे घेतली. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी जोडू पाहणाऱ्या त्यांच्या मार्गदर्शकाच्या गृहीतकास त्या मापांनी आधार दिला नाही, आणि तसे त्यांनी निर्भयपणे नमूद केले. माप खरे घ्यावे, आणि माप जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालू नये, हा धडा त्यातून मिळतो. मोठ्या डोक्याचे मूल शहाणे होईल की मंद होईल, हे केवळ घेरावरून कोणासही सांगता येत नाही.

मग घेर सांगतो तरी काय? साधारण जन्मतः मस्तकाचा घेर ३४ सेंटिमीटरांच्या आसपास असतो आणि पहिल्या वाढदिवशी तो ४५-४६ पर्यंत जातो. म्हणजे वर्षात सुमारे ११-१२ सेंटिमीटरांची वाढ, आणि तिच्यापैकी निम्मी पहिल्या तीनच महिन्यांत. दरमहा दोन सेंटिमीटर, पुढील तीन महिने दरमहा एक, आणि त्यानंतर दरमहा अर्धा, असा हा ओघ क्रमशः मंदावतो. त्याच वयाच्या व लिंगाच्या बालकांच्या सरासरीहून दोन प्रमाण-विचलनांपेक्षा अधिक घेर असला, तर वैद्यक त्यास मोठे मस्तक म्हणते. आणि ही व्याख्याच अशी आहे की शंभर निरोगी मुलांमागे दोन-तीन मुले तीत आपोआप येतात. १९६८ साली गेरहार्ड नेलहाउस यांनी निरनिराळ्या देशांतील मापे एकत्र करून मुलामुलींकरिता घेराच्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत बालकांची मापे घेतली, त्यात आपली दिल्ली होती, आणि २००७ साली त्या आधारे मस्तकाच्या घेराची प्रमाणे प्रसिद्ध केली.

या रेषांवर एकच ठिपका काढला, तर त्याचे मोल थोडे. दोन ठिपके काढून ते जोडले, म्हणजे त्या मुलाची स्वतःची रेषा उमटते, आणि सारा अर्थ त्या रेषेत असतो. जन्मापासून वरच्या रेषेला समांतर चालणारे मोठे डोके बहुधा निर्धास्त असते. आणि जन्मतः मध्यम असलेले, पण महिन्यामहिन्याला एकेक रेषा ओलांडून वर चढणारे डोके, अद्याप दिसावयास फारसे मोठे नसले, तरी वैद्याने तत्काळ पाहिले पाहिजे. म्हणून जाणता बालरोगतज्ज्ञ प्रथम जुनी मापे मागतो, आणि दुसरे काम म्हणजे फीत काढून आईबापांचीच डोकी मोजतो. १९८० साली वीव्हर व ख्रिश्चन या संशोधकांनी आईवडिलांच्या घेरावरून मुलाच्या घेराचा अंदाज ताडून पाहण्याची पद्धत मांडली. आणि थोराड मस्तकाच्या बहुसंख्य निरोगी मुलांचे रहस्य बापाच्या टोपीतच सापडते, हे अनुभवास येते. चरकाच्या ‘अनुरूप’ या अटीस येथे नवा अर्थ लाभतो: मूल आपल्या देहास अनुरूप हवे, तसेच आपल्या कुळासही.

त्यानंतर टाळू पाहावयाची. मूल शांत असताना आणि बसते धरले असताना ती फुगलेली व ताठ आहे काय? डोळ्यांची बुबुळे मावळत्या सूर्यासारखी खाली ओढली जातात काय? उलट्या, चिडचीड, अतिझोप आहे काय? मान धरणे, बसणे, हसणे हे टप्पे वेळेवर आले काय, आणि आलेले टप्पे मूल विसरत तर नाही ना? मुडदूस झालेल्या मुलाचे कपाळ पुढे येऊन डोके चौकोनी दिसते. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या विकारातही मस्तकाची हाडे जाड होतात. आणि त्वचेवर कॉफीच्या रंगाचे अनेक डाग दिसले, तर त्यामागे काही आनुवंशिक विकार आहे का, हे शोधावे लागते. पनवेलच्या डोंगरकडच्या कातकरी व ठाकूर वाड्यांवर आणखी एक फसगत संभवते. उपाशी राहिलेल्या मुलाचे वजन प्रथम घटते, मस्तक मात्र पुष्कळ काळ आपली वाढ टिकवून धरते. यास्तव हडकुळ्या देहावर डोके मोठे भासते. तेथे फीत लावली तर घेर यथास्थित भरतो, आणि रोग मस्तकात नसून ताटात आहे, हे उघड होते.

उपचाराची हकीगत मात्र अलीकडची आहे. १९२९ साली परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले, आणि मुलांकरिता स्वतंत्र रुग्णालय मुंबई इलाख्यास लाभले. परंतु वाशीची खाडी ओलांडणारा पूल १९७३ पर्यंत नव्हता, आणि पनवेलच्या आईला आजारी मूल उराशी धरून जलमार्गाने अथवा ठाण्याच्या वळशाने तेथे जावे लागे. १९४९ साली जेकब चांडी यांनी वेल्लोर येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा देशातील पहिला विभाग उभारला. त्यानंतर सात वर्षांनी, १९५६ साली, फिलाडेल्फियातील जॉन होल्टर या यंत्रकारागिराने जलशीर्षाने ग्रासलेल्या आपल्या पुत्रासाठी सिलिकोनची एक बारीक झडप बनविली. मेंदूतील जादा पाणी नळीने बाहेर वाहून न्यावे, परंतु उलट परतू देऊ नये, हे तिचे काम. स्पिट्झ या शल्यवैद्याच्या साहाय्याने ती उपयोगात आली आणि तिच्या धर्तीच्या झडपांनी पुढे असंख्य बालके वाचविली. धावेचा किंचितपणा जाणणाऱ्या पनवेलच्या कारागिरांना होल्टरचे कौशल्य परके वाटले नसते; हाताच्या हुन्नराने वैद्यकास येथे मोठा आधार दिला.

आज पनवेलचे रूप पालटले आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठी नवी वसाहत उभी केली, २०१६ साली जुन्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे आणि कामोठ्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३ साली पालघर येथून ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, त्याची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात. आणि ज्या टाळूवर आजी तेल भरीत असे, तीच टाळू आज वैद्यास खिडकीप्रमाणे उपयोगी पडते: ती मिटलेली नसते तोवर तिच्यावर सोनोग्राफीचे यंत्र टेकवून, क्ष-किरणांवाचून व भूल न देता, मेंदूच्या पोकळ्या पाहता येतात. ही खिडकी बहुधा दीड वर्षाच्या आत बंद होते. म्हणून शंका लवकर येणे हेच मोलाचे, आणि शंका लवकर येण्यास पूर्वीचे माप हाती हवे.

माप घेण्यास लागते ती न ताणणारी एक फीत. पुढे भुवयांच्या किंचित वर आणि मागे मस्तकाच्या सर्वांत बाहेर आलेल्या उंचवट्यावरून ती फिरवावी, तीनदा मोजावे, आणि सर्वांत मोठे माप लिहावे. घरातील कोणासही हे साध्य आहे. आपल्या चालीरीतींनी त्याच्या तिथीही जणू नेमून दिल्या आहेत: बारसे, उष्टावण, जावळ, पहिला वाढदिवस, आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील लशींचे दिवस तर जवळजवळ त्या वेगवान तीन महिन्यांतच येतात. बारशाला आत्या नाव ठेवते, त्याच दिवशी वहीत पहिला आकडा पडावा. जावळ उतरल्यावर डोक्याचा खरा आकार दिसतो, त्या दिवशी पुढचा आकडा पडावा. आजीच्या लक्षात काही उणे नव्हते; तिच्या बोटाला जे कळत होते, ते आकड्यात उतरले नाही, एवढेच उणे होते. चाकावरची धाव एकदाच बसवावी लागते. पाळण्यातील बाळाभोवती मात्र फीत पुनःपुन्हा फिरवावी लागते, आणि दर वेळी जुने पान उघडून नवा आकडा त्याच्या शेजारी लिहावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वी पनवेलच्या दप्तरात जो रकाना राहून गेला, तो भरण्याचे काम आता कचेरीचे नव्हे. ते प्रत्येक घराचे आहे.